दुकानाला टाळे : नियम कोणता आणि निमित्त कोणते?

आमच्याकडे येणारे व्यापारी बांधव पुष्कळदा बोलण्याआधी खिशातून घडी घातलेला एक कागद काढतात. वर नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे नाव, खाली गोल शिक्का आणि न लागणारी सही, मध्ये चार ओळी : आपला व्यवसाय विनापरवाना सुरू असल्याचे आढळून आले आहे, तो तात्काळ बंद करावा, अन्यथा जागा सील करण्यात येईल. कोणाचे मटणाचे दुकान असते, कोणाचा कोंबडीचा गाळा, कोणाची कातड्याची वखार, कोणाचे भंगाराचे गोदाम, कोणाची सीख-कबाबची हातगाडी. कागद आमच्या हातात देऊन माणूस विचारतो, "साहेब, हे आमच्या घाणीमुळे आहे की आमच्यामुळे?"

शिक्क्यावरून याचे उत्तर कळत नाही. दोन्ही प्रकारच्या नोटिसांवर शिक्का तोच असतो, कलमही तेच असते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ३९४ वे कलम आहे आणि राज्यातल्या इतर महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात ३७६ वे. जिवाला, आरोग्याला, मालमत्तेला धोका पोचवणारे किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणारे धंदे परवान्याशिवाय करता येणार नाहीत, असा त्यांचा मथितार्थ आहे. यात अन्याय काही नाही. रक्ताचे पाणी उघड्या गटारात सोडणाऱ्याला, भरवस्तीत ॲसिड उकळणाऱ्याला कोणीतरी थांबवलेच पाहिजे, आणि तो आमचा भाऊ असला तरी थांबवले पाहिजे. पण याच कलमाच्या आडून, लोकांना डोळ्यांसमोर नको असलेला धंदाही उठवता येतो. मग दोहोंतला फरक ओळखायचा कसा?

फरक ओळखण्याची एक रीत जुन्या एका खटल्यात सापडते. खटला आपल्याकडचा नाही, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचा आहे आणि जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. त्यात ना मुसलमान आहेत ना मटण. तरीही आमच्या खाटीक बांधवांनी तो एकदा ऐकावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

लाकडी घरातली लाँड्री

सोन्याच्या खाणींच्या आणि रेल्वेच्या कामासाठी चीनमधून गेलेले हजारो लोक १८७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावले होते. गोऱ्या कामगारांना ते नको होते. कमी मजुरीत काम करतात, आपल्यात मिसळत नाहीत, वेगळे खातात, वेगळे राहतात, ही तक्रार. (तक्रारीची भाषा आमच्या वाचकांना ओळखीची वाटली तर दोष आमचा नाही.) नोकऱ्या मिळेनात तेव्हा या लोकांनी कपडे धुण्याचा धंदा धरला. भांडवल थोडे, कष्ट मोठे आणि गोरा माणूस सहसा हात घालत नाही असे काम. बघता बघता शहरातल्या बहुतेक लाँड्र्या त्यांच्या हाती आल्या. १८८० च्या सुमारास शहरात सुमारे ३२० लाँड्र्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे २४० चिनी लोकांच्या होत्या.

शहराच्या कारभाऱ्यांनी आधी फीमध्ये हात घातला. कपडे घरपोच करायला घोडागाडी वापरणाऱ्या लाँड्रीला तिमाही फी दोन-चार डॉलर, आणि घोडा नसलेल्या लाँड्रीला पंधरा डॉलर! आता घोडा नव्हता कोणाकडे? चिनी धोबी तर खांद्यावर आडवी काठी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना टोपल्या लटकवून जात असे. अशा काठ्या घेऊन पदपथावरून चालायचे नाही, असाही एक नियम याच शहराने करून ठेवला होता. कोणत्याही नियमात 'चिनी' हा शब्द नव्हता. पण प्रत्येक नियम लागू व्हायचा तो त्यांनाच.

मग १८८० मध्ये ज्यावरून खटला उभा राहिला तो नियम आला. लाँड्री विटांच्या किंवा दगडी इमारतीत असेल तर हरकत नाही. लाकडी इमारतीत असेल तर मात्र शहराच्या कारभारी मंडळाची परवानगी हवी. कारण सांगितले आगीचे. ऐकायला रास्त. लाँड्रीत भट्टी असते, इस्त्रीचे निखारे असतात, लाकूड पेट घेते. पण हे शहरच लाकडाचे होते. दहातली नऊ घरे लाकडी होती आणि ३२० पैकी सुमारे ३१० लाँड्र्या लाकडी इमारतीत होत्या. म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला परवानगी मागणे आले.

सर्वांनी मागितली. दोनशे चिनी लाँड्रीवाल्यांनी अर्ज केले. दोनशेच्या दोनशे नामंजूर. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांनी अर्ज केले. एक सोडून सगळे मंजूर. इमारती त्याच लाकडाच्या, भट्ट्या त्याच तऱ्हेच्या.

यिक वो या नावाची एक लाँड्री होती. लोक मालकालाही त्याच नावाने हाक मारीत आणि खटलाही त्याच नावाने चालला. मालक बावीस वर्षे एकाच जागी धंदा करत होता. त्याच्याकडे अग्निशमन खात्याचा दाखला होता की चुली, भट्टी, इस्त्रीची साधने सुरक्षित आहेत. आरोग्य अधिकाऱ्याचा दाखला होता की सांडपाण्याची व्यवस्था ठीक आहे. हे दोन्ही कागद त्याने १८८४ मध्येच काढून ठेवले होते. १८८५ मध्ये त्याने अर्ज केला आणि कारण न देता तो फेटाळण्यात आला. त्याने दुकान चालूच ठेवले. दहा डॉलर दंड झाला. तो त्याने भरला नाही आणि तुरुंगात गेला. त्याच्यासारखे दीडशेहून अधिक जण पकडले गेले.

हे सारे लोक एकटेदुकटे लढले नाहीत, हे इथे सांगितले पाहिजे. लाँड्रीवाल्यांचा तुंग हिंग टोंग नावाचा संघ होता. आपल्याकडची बिरादरीची जमात असते तसाच. त्या संघाने पैसे जमवून शहरातला नामांकित गोरा वकील केला आणि एका माणसाचा खटला सगळ्यांचा खटला म्हणून लढवला.

१० मे १८८६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती मॅथ्यूज यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, या नियमात परवानगी कशावर द्यायची नि कशावर नाकारायची याची कसोटीच दिलेली नाही. सगळे कारभाऱ्यांच्या मर्जीवर सोडले आहे आणि ज्याच्या पोटावर दुसऱ्याची मर्जी चालते तो माणूस स्वतंत्र म्हणता येत नाही. दुसरी, नियमाचे शब्द कितीही निष्पक्ष असोत, तो राबवताना डोळा वाकडा आणि हात असमान असेल तर तो नियम समानतेच्या विरुद्धच ठरतो. दोनशे विरुद्ध ऐंशी या आकड्यांनीच हे सिद्ध केले.

एक वर्ष आधी मात्र हेच लाँड्रीवाले याच न्यायालयात हरले होते. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात लाँड्री चालवू नये, असा शहराचा दुसरा एक नियम होता. तोही चिन्यांनाच जाचक होता, कारण रात्रपाळी तेच करत. पण तो ठरावीक हद्दीतल्या सर्व लाँड्र्यांना सारखा लागू होता, कारण आगीचे होते आणि नियम पाळण्याची सोय प्रत्येकाच्या हातात होती. न्यायालयाने तो कायम केला. म्हणजे जाचक वाटणारा प्रत्येक नियम अन्याय्य ठरत नाही. पाळता येण्यासारखा नियम आणि मर्जी सांभाळायला लावणारा नियम यांत न्यायालयाने रेघ ओढली, आणि दुकानदाराने ती ओळखायला शिकले पाहिजे.

(निकालाने चिनी लोकांचे सगळे दुःख फिटले नाही. १८८२ पासून त्यांच्या मजुरांना देशात येण्याचीच बंदी होती आणि ती पुढे अनेक दशके राहिली. पण लाँड्र्या राहिल्या.)

आपल्याकडे १९५० मध्ये

आता आपल्या देशात येऊ. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. कोणताही धंदा, व्यापार किंवा व्यवसाय करण्याचा हक्क कलम १९ मध्ये प्रत्येक नागरिकाला मिळाला. सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधने घालण्याची मुभा सरकारलाही त्याच कलमात आहे. 'वाजवी' या एका शब्दावर तेव्हापासून आजपर्यंत शेकडो व्यापाऱ्यांचे भवितव्य ठरले आहे. त्यांतला अगदी पहिल्या काही महिन्यांतला खटला भाजीच्या व्यापाऱ्याचा आहे.

उत्तर प्रदेशात कैराना नावाचे गाव आहे. तिथे रशीद अहमद नावाचा आडत्या भाड्याच्या दुकानात भाजीपाला-फळांचा घाऊक धंदा करत होता. तेव्हा त्या धंद्याला कसलाच नियम नव्हता. मग म्युनिसिपल बोर्डाने पोटनियम केले आणि ते १ जानेवारी १९५० पासून लागू झाले. घाऊक भाजीविक्री बोर्डाने ठरवून दिलेल्या जागीच करायची, नवी जागा काढायची तर बोर्डाची आधी परवानगी घ्यायची. दरम्यान बोर्डाने घाऊक विक्रीचा मक्ता वर्षभरासाठी दुसऱ्याच एका माणसाला देऊन टाकला. रशीद अहमदने परवाना मागितला. उत्तर आले की असा परवाना देण्याची तरतूदच पोटनियमांत नाही. म्हणजे परवान्याशिवाय धंदा केला तर गुन्हा, आणि परवाना मागितला तर तो अस्तित्वातच नाही! त्याच्यावर खटलाही भरला गेला.

१९ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे बंधन नव्हे, हा धंदा पुरता बंद पाडणे आहे आणि त्याला वाजवी म्हणता येणार नाही. घटना तेव्हा चार महिन्यांचीही नव्हती. लक्षात घेण्याजोगे असे की मक्ता मिळालेला माणूसही मुसलमानच होता. इथे धर्माचा वाद नव्हता. एका मर्जीतल्या माणसासाठी बाकीच्यांना उठवण्याचा प्रकार होता, आणि तो आपल्या बाजारपेठांतही आपली माणसे आपल्याच माणसांविरुद्ध करवून घेतात, हे आम्ही पाहत आलो आहोत.

त्याच वर्षी बिडीचा खटला झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याने शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिड्या वळण्यास बंदी करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला होता. हेतू असा की मजूर शेतावर जावेत. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. न्यायालयाने ८ नोव्हेंबर १९५० रोजी तो कायदाच रद्द ठरवला. जी म्हातारी, जो पांगळा, जी लेकुरवाळी शेतात राबूच शकत नाही, तिचीही बिडी बंद करून शेतीचे काय भले होणार, असा त्यातला विचार आहे. हेतू चांगला असला तरी साधलेला उपाय हेतूपुरताच हवा.

या खटल्यात एक तपशील आहे. अर्ज न्यायालयात पडून असतानाच पहिल्या हुकुमाची मुदत संपून गेली होती. मग सप्टेंबरमध्ये दुसरा हुकूम निघाला, ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर या काळाचा. थोड्या दिवसांची बंदी अशी असते. वकील गाठेपर्यंत ती संपते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते.

भावना आणि हित

आमच्या कुरेशी बिरादरीच्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल १९६९ चा. जबलपूर महानगरपालिकेच्या पोटनियमांनुसार तिथल्या कत्तलखान्यात बैलांची कत्तल चालत होती. जानेवारी १९६७ मध्ये राज्य सरकारने एका अधिसूचनेने तेवढी परवानगी काढून घेतली. मोहम्मद फारूक या खाटकाने दाद मागितली. लोकांच्या एका वर्गाच्या भावना दुखावतात म्हणून, केवळ तेवढ्याच कारणासाठी, दुसऱ्याचा धंदा बंद करणे हे जनहितासाठीचे वाजवी बंधन होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला आणि अधिसूचना रद्द केली.

पण वाचकांना अर्धी गोष्ट सांगून खूष करणे आमच्या स्वभावात नाही. गोवंशाच्या बाबतीत २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातची संपूर्ण बंदी ग्राह्य धरली. महाराष्ट्राचा कायदा २०१५ पासून लागू आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इथली कत्तलबंदी कायम केली. तो कायदा आहे, तो पाळलाच पाहिजे. आमचा आजचा विषय बकऱ्याचा, कोंबडीचा, माशाचा, म्हणजे कायद्याने ज्याला मनाई नाही अशा धंद्याचा आहे.

त्यातही न्यायालये प्रत्येक वेळी दुकानदाराच्या बाजूने उभी राहिलेली नाहीत. ऋषीकेशच्या पालिकेने शहरात मांस, मासे, अंडी विकण्यास बंदी केली तेव्हा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली, तीर्थक्षेत्र आहे म्हणून. पर्युषणाच्या काळात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा अहमदाबाद महानगरपालिकेचा १९९८ चा ठराव गुजरात उच्च न्यायालयाने रद्द केला होता, पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. काळ थोडा आहे आणि शहरात जैन समाज मोठा आहे, तेव्हा एवढे सोसायला हरकत नाही, असा त्यांचा कल होता. अकबर बादशहाचा दाखलाही त्या निकालात आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईत मात्र उलटे घडले. पर्युषणातल्या एका दिवसाच्या मटणविक्रीबंदीला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मासळी आणि अंडी चालतात तर मटण का नाही, हा प्रश्न त्या सुनावणीत निघाला होता आणि त्याला पटेल असे उत्तर नव्हते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी कल्याण-डोंबिवलीसह काही पालिकांनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याचे हुकूम काढले तेव्हाही १९८८ च्या जुन्या ठरावाचा आधार पुढे करण्यात आला. ठराव जुना आहे हे खरे, पण जुना ठराव म्हणजे कारण नव्हे.

आमचे मत विचाराल तर शेजाऱ्याच्या सणाला एखादा दिवस आपण होऊन दुकान बंद ठेवावे, यात कमीपणा नाही. अनेक गावांत खाटीक बांधव तसे करत आलेही आहेत. पण आपण होऊन आणि हुकुमाने यांत फरक आहे. हुकुमाने बंद ठेवलेल्या दिवसाची मजुरी कापणीवाल्या कारागिराला कोण देतो? कोंबडीची गाडी आदल्या दिवशीच ठरलेली असते, तिचे काय? ठराव करताना या प्रश्नांची नोंद कोणी घेतल्याचे दिसत नाही.

आपल्याला नको असलेले धंदे

आता एक कडू गोष्ट. धंदा बंद पाडला जातो तेव्हा आपण न्यायाची भाषा बोलतो. पण आपल्याला नको असलेला धंदा असला की?

महाराष्ट्र सरकारने २००५ मध्ये डान्सबार बंद केले. आमच्या वाचकांपैकी कोणाला त्यांची बाजू घेणे रुचणार नाही. आम्हालाही रुचत नाही. बंदीच्या बातमीने आम्हाला त्या वेळी समाधानच वाटले होते. पण त्या कायद्यात एक पोटकलम होते. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना बंदी लागू नव्हती. म्हणजे नाच वाईट नव्हता, स्वस्तातला नाच वाईट होता! सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली, त्यात हा भेदभाव हे मोठे कारण होते. पुढे २०१६ च्या कायद्यात अट आली की असे ठिकाण शाळा आणि प्रार्थनास्थळापासून एक किलोमीटर दूर हवे. मुंबईत असा एक किलोमीटर कुठे सापडणार? २०१९ मध्ये ती अटही गेली. आम्ही तेव्हा मनात म्हटले, हीच फूटपट्टी उद्या मटणाच्या दुकानाला लावली तर? मंदिर, मशीद, शाळा यांच्यापासून अमुक इतके मीटर, असे नकाशावर वर्तुळ काढत गेले की जुन्या गावातल्या पेठेत दुकानाला जागाच उरत नाही. धंदा बंद करा असे कोणी म्हटलेले नसते, तरी तो बंद होतो.

दारूच्या दुकानाबाबत महाराष्ट्राने निदान एक पद्धत तरी घालून दिली आहे. वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात 'आडव्या बाटली'ला मत दिले की दुकान बंद. आधी सह्यांचे निवेदन, मग त्यांची पडताळणी, मग मतदान. दुकानदाराला काय होणार ते आधी कळते आणि कोणा एका साहेबाच्या मर्जीवर काही राहत नाही. दारूविक्रेत्याला मिळते तेवढी तरी पद्धत मटणविक्रेत्याला मिळावी, ही मागणी फार मोठी नाही.

परवाना नाही, तो कोणामुळे?

मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात सरकार बदलले आणि काही दिवसांतच राज्यभर कत्तलखान्यांना आणि मटणाच्या दुकानांना टाळी लागली. कारण एकच, परवाना नाही. आणि ते पुष्कळ ठिकाणी खरेही होते. परवाने मार्चअखेर संपलेले, नूतनीकरण झालेले नाही. पण नूतनीकरण करणार कोण? पालिका. कत्तलखाना चालवणार कोण? पालिका. ज्या गावी पालिकेचा कत्तलखानाच चालू नाही तिथे दुकानदाराने कायदेशीर माल आणायचा कुठून? लखनौच्या खंडपीठाने १२ मे २०१७ रोजी हेच बोट ठेवले. नियम पाळायला लावा, पण परवान्यांचे अर्ज घ्या, त्यांवर निर्णय द्या आणि कत्तलखान्याची सोय करणे ही तुमचीच जबाबदारी आहे. लोकांच्या खाण्यापिण्याच्या सवयीवर सरसकट बंदी आणता येणार नाही, असेही बजावले. कैरान्याच्या आडत्याची गोष्ट आणि ही गोष्ट यांत सदुसष्ट वर्षांचे अंतर आहे आणि गाभा तोच आहे : परवाना मागा, पण परवाना मिळणार नाही.

फेरीवाल्यांच्या बाबतीत परिस्थिती कागदावर तरी सुधारली आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, उठवायचे किंवा हलवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. हा कायदा झाल्याचे हातगाडीवाल्या बांधवांपैकी कितीजणांच्या कानावर आले आहे? समितीत आपला कोण बसतो, हे तरी विचारून पाहा.

आणि आता आपल्या घरचे. यिक वो जिंकला त्यात त्याच्या दोन दाखल्यांचा वाटा मोठा होता. धोका आहे असे म्हणायला शहराला तोंडच उरले नाही. आमच्या दुकानांत काय असते? परवाना वडिलांच्या नावाचा, वडील जाऊन दहा वर्षे झालेली. अन्नसुरक्षेची नोंदणी एजंटने करून दिलेली, कागद एजंटकडेच. जाळी नाही, काच नाही, सुरे पुसायचे फडके सकाळचे रात्रीपर्यंत तेच. नळाचे बिल थकलेले. मग खरोखर द्वेषाने आलेली नोटीसही रास्त ठरते आणि वकील डोक्याला हात लावतो. आम्ही एका शहराच्या परवाना खात्यात बसून पाहिले आहे, नूतनीकरणाच्या शेवटच्या दिवशी आपली माणसे तीस आणि इतर दिवशी कोणी नाही. अर्ज मुदतीच्या आधी द्या, त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नामंजुरी तोंडी ऐकून घरी येऊ नका, कारणांसह लेखी मागा. नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्यात हे नक्की विचारा की नेमका कोणता दोष दूर केला म्हणजे दुकान चालू करता येईल. ज्या नोटिशीपाशी या प्रश्नाचे उत्तर नसते, तिची दखल न्यायालय घेते.

बिरादरीच्या जमातींनी आणखी एक काम अंगावर घ्यावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला दोनशे आणि ऐंशी हे आकडे जमवायला किती खटपट पडली असेल! आपल्याला २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. गेल्या तीन वर्षांत मांसविक्रीच्या परवान्यासाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नामंजूर, प्रत्येक नामंजुरीचे कारण काय, आणि त्याच काळात त्याच प्रभागात इतर खाद्यविक्रीच्या परवान्यांचे काय झाले, एवढेच विचारायचे आहे. महाराष्ट्रात अशा अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. वरचे सगळे प्रश्न त्या दीडशे शब्दांत आरामात मावतात.